बंद फाटकाचा मान

अमेरिकेच्या पश्चिम भागातील राष्ट्रीय उद्याने मोटारीने पाहत हिंडणे ही तेथील मध्यमवर्गीय कुटुंबांची जुनी हौस आहे. यलोस्टोनला १८७२ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९१५ साली तेथे मोटारींना अधिकृत प्रवेश देण्यात आला आणि तेव्हापासून निसर्गदर्शन व मोटारप्रवास यांची जी सांगड बसली, ती आजतागायत सुटलेली नाही. अलीकडे या प्रवाशांत मराठी कुटुंबांचीही भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला असते, आईवडील पुण्या-नाशिकहून काही महिन्यांसाठी जातात आणि मुलांची सुट्टी साधून आठ दिवसांत चार उद्याने पाहण्याचा बेत आखला जातो. मुक्काम ठरतात, पैसे भरले जातात, कोठे किती तास थांबावयाचे याचे टिपण तयार होते. त्या टिपणात बर्फाला मात्र जागा नसते. मग मे महिन्याच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात एखाद्या सकाळी खिडकीबाहेर सारे पांढरे दिसले की प्रवासी म्हणतात, बर्फ अनपेक्षित आले.

हे बर्फ अनपेक्षित असते ते कोणाला, हा खरा प्रश्न आहे. दर हजार मीटर चढावाला हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने उतरते, हा शालेय भूगोलातला धडा आहे. यलोस्टोनचे पठार सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात बर्फ पडू शकते. युटा राज्यातील झायन उद्यानाचा दरीतळ सुमारे १,२०० मीटरवर, तर मोटारीने दोन-अडीच तासांच्या अंतरावरील ब्राइस कॅन्यनचा कडा त्याच्या दुपटीहून उंच. सकाळी झायनमध्ये पातळ सदऱ्यावर फिरणाऱ्या कुटुंबाला दुपारी ब्राइसच्या तांबड्या सुळक्यांवर हिमवृष्टी होताना दिसली, तर तो ऋतूचा लहरीपणा म्हणता येणार नाही. प्रवासी दोन तासांत हजार मीटरहून अधिक वर चढलेला असतो. मोटारीत बसून त्याला ते जाणवलेले नसते, इतकेच.

मोटार व डांबरी रस्ता यांनी प्रवाशाच्या मनात जो भ्रम निर्माण केला, त्याचे मूळ येथे आहे. जेथे रस्ता आहे तेथे जाता येतेच, अशी आपली समजूत असते. माँटॅना राज्यातील ग्लेशियर उद्यानात ‘गोइंग टू द सन’ नावाचा सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता १९३३ साली समारंभपूर्वक खुला झाला. २,०२६ मीटर उंचीची लोगन खिंड तो ओलांडतो. अभियांत्रिकीचा तो एक उत्तम नमुना मानला जातो. तथापि, दरवर्षी वसंतात बर्फ हटवणारी यंत्रे कित्येक आठवडे राबतात, तेव्हा कोठे बहुधा जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैत तो पूर्णपणे मोकळा होतो. यलोस्टोनमधील बहुतेक रस्तेही नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मोटारींना बंद असतात. ते बारमाही मोकळे ठेवावेत, अशी आसपासच्या गावांतील व्यापारी मंडळींची मागणी १९६० च्या दशकात झाली होती. उद्यानाने ती मान्य केली नाही. म्हणजे या भूमीत रस्ता ही ऋतूने दिलेली तात्पुरती सवलत आहे आणि रस्त्यावरचे बंद फाटक ही ती सवलत संपल्याची सूचना आहे.

ही सूचना डावलली गेली की काय होते, याचे उदाहरण २०१६ च्या डिसेंबरात घडले. आई, वडील व मुलगा असे तिघांचे एक कुटुंब ब्राइस पाहून ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्याकडे निघाले होते. हा कडा दक्षिण कड्याहून सुमारे ३०० मीटर उंच असून हिवाळ्यात तिकडचा राजरस्ता बंद असतो. रस्ता बंद आढळल्यावर त्यांनी नकाशायंत्राने सुचवलेली जंगलातील आडवाट धरली आणि त्या वाटेवर त्यांची मोटार बर्फात रुतली. मदत आणण्यासाठी आई पायी निघाली. सुमारे चाळीस किलोमीटरची वाट, रात्रीची थंडी आणि गुडघ्यापर्यंत पोचणारे बर्फ यांतून ती जिवंत राहिली, हे तिच्या जिद्दीचे व बचावपथकाच्या तत्परतेचे फळ. पतीनेही उंचावर चढून दूरध्वनीचा संपर्क साधला आणि तिघेही वाचले.

सर्वांच्याच वाट्याला असे दैव येत नाही. २००६ च्या नोव्हेंबरात ऑरेगन राज्यातील डोंगरात दोन लहान मुलींसह प्रवास करणारे एक जोडपे असेच हिमवृष्टीत अडकले. ज्या जंगलवाटेवर ते शिरले, तिचे फाटक हिवाळ्यासाठी बंद असावयास हवे होते. ते उघडे राहिले होते. ऊब मिळावी म्हणून त्यांनी मोटारीची चाकेसुद्धा जाळली. काही दिवसांनी पिता मदतीच्या शोधात निघाला. मोटारीपाशी थांबलेली आई व मुली वाचल्या, पित्याचा मृतदेह हाती आला. फाटक म्हणजे प्रवाशाच्या स्वातंत्र्यावरील आक्रमण, असे मानणाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

शहाणीसुरती माणसे अशा वेळी पुढे का जातात? त्यांत उद्दामपणा क्वचितच असतो. महत्प्रयासाने मिळालेली सुट्टी, आगाऊ भरलेले पैसे, ‘पुन्हा कधी येणे होणार’ ही हुरहूर आणि मागे बसलेल्या मुलांची उत्सुकता, या साऱ्यांचे ओझे चालकाच्या मनावर असते. मागे फिरणे म्हणजे खर्च पाण्यात जाणे, असा त्याचा हिशेब असतो. पण भरलेले पैसे मागे फिरले तरी जातात आणि पुढे गेले तरी गेलेलेच असतात. पुढे जाऊन पणाला लागते ते निराळेच. चालक जो जुगार खेळतो त्यात त्याचा एकट्याचा जीव नसतो. मागील आसनावरची मुले आणि वृद्ध आईवडील यांचे मत कोणी घेतलेले नसते. सह्याद्रीच्या घाटांत मुसळधार पावसात धबधबा पाहावयास निघालेल्या कुटुंबांची गतही याहून वेगळी नसते. ओढ्याचे पाणी चढत असताना ‘इतक्या लांब आलो आहोत तर’ हे शब्द किती घरांना महाग पडले, हे मराठी वाचकांना नव्याने सांगावयास नको.

शिवाय ज्या बर्फाला प्रवासी सहलीचा शत्रू समजतो, तेच या उद्यानांचे जीवन आहे. १९८८ च्या उन्हाळ्यात यलोस्टोनला भीषण वणवे लागले. उद्यानाच्या एकूण क्षेत्रापैकी सुमारे ३६ टक्के भागाला त्यांची झळ पोचली. हजारो माणसे आणि बारा कोटी डॉलर खर्ची पडूनही आग आटोक्यात येईना. अखेर ११ सप्टेंबर रोजी जो थोडासा पाऊस व बर्फ पडले, त्याने त्या वणव्यांचा जोर मोडला. सहलीच्या टिपणात न बसणारे ते सप्टेंबरातले बर्फ उद्यानाचे तारणहार ठरले. रॉकी पर्वतावर साठलेले बर्फ वितळून कोलोरॅडो नदी वाहते आणि सुमारे चार कोटी लोक तिच्या पाण्यावर अवलंबून आहेत. तेव्हा उद्यान पाहावयाचे पण त्याचे हवामान नको, ही अपेक्षाच मुळात विसंगत ठरते.

याचा अर्थ अशा सहली करूच नयेत असा नाही. बर्फाचा पातळ थर ल्यालेले ब्राइसचे सुळके किंवा मान हलवून तोंडाने बर्फ उकरीत चरणारे यलोस्टोनचे गवे ज्यांनी पाहिले, ते भाग्यवानच. मात्र त्या भाग्याला थोडी शिस्त हवी. निघण्यापूर्वी उद्यानाच्या कार्यालयाकडून रस्त्यांची स्थिती विचारावी, बेतात एक दिवस मोकळा सोडावा, गाडीत उबदार कपडे, पाणी व खाद्यपदार्थ ठेवावेत. अडकल्यास गाडी सोडू नये. ऊब घेण्यासाठी इंजिन थोडा वेळच चालवावे आणि त्यापूर्वी धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाने बुजलेली नाही, हे पाहावे. कारण बंद गाडीत साचणारा विषारी वायू थंडीपेक्षा लवकर जीव घेतो. आणि फाटक बंद दिसले तर आडवाट न शोधता गाडी वळवावी.

मुले सहलीहून जे घेऊन येतात, त्यात छायाचित्रांचे मोल थोडे असते. मोठ्यांनी हौस आवरून, कोणावरही न चिडता गाडी मागे वळवली, हे दृश्य त्यांच्या अधिक काळ लक्षात राहते. उद्याने पुढील पिढ्यांसाठी अबाधित राखावयाची, असे १९१६ च्या अमेरिकन कायद्याने ठरवून ठेवले आहे. ती पाहावयास पुढची पिढीही सुखरूप राहिली पाहिजे, एवढी जबाबदारी मोटार चालवणाऱ्याने उचलावी.