आवाजाची वाटणी

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या नावानं हे गाव महाराष्ट्रभर ओळखलं जातं. यात्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे लोक आजही इथल्या फडांच्या राहुट्यांत येतात. माझं गाव शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं, मंचर. गेली काही वर्षं मी जुन्नर-आंबेगावातल्या घरांतून जुन्या तमाशांच्या कॅसेट गोळा करतो आणि त्यांतल्या लावण्या ऐकून वहीत उतरवतो. त्यातल्याच एका कॅसेटनं मला या लेखाच्या विषयाकडे ओढलं.

ही कॅसेट मामांनी १९८०च्या दशकात एका यात्रेत भरलेली. ती संगणकावर घेऊन ऐकत बसलो, तर एका कडव्यातला एक शब्द काही केल्या लागेना. शेवटी अंदाजानं एक शब्द वहीत लिहून टाकला. पुढे सहज हेडफोन लावला, तर तिथं दुसरंच काहीतरी ऐकू आलं. म्हणजे दोष फितीत नव्हता, माझ्या स्पीकरात होता. लोकगीतांचे अभ्यासक पाठभेदांची चर्चा करतात. पण एखादा पाठभेद स्पीकरनं जन्माला घातलेला असू शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. हेडफोनवर काम भागलं असतं, असं कुणी म्हणेल. पण जुनी जाणती माणसं हेडफोन लावून बसत नाहीत. ती चारचौघांत ऐकतात, आठवतात, एकमेकांना दुरुस्त करतात, आणि माझं संकलन त्या बैठकीवरच उभं आहे.

मी कला शाखेचा माणूस. इलेक्ट्रॉनिक्स शिकलो ते पुस्तकं वाचून आणि हात भाजून घेऊन. स्पीकर उघडला तेव्हा कळलं ते असं. पेटीत दोन वाजणारे भाग असतात. खालच्या सुरांसाठी मोठा वूफर, वरच्या सुरांसाठी इंचभर घुमटाचा ट्विटर. ढोलकीच्या धुमाकडच्या घुमाऱ्याला पुष्कळ हवा हलवावी लागते. ते ट्विटरच्या आवाक्यातलं नाही. उलट २००० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. लहरी याहून आखूड झाल्या, की साडेसहा इंची वूफर आवाज चौफेर पसरवत नाही, समोरच्या झोतात फेकतो. म्हणून सुरांची वाटणी करावी लागते. ती करणारी योजना म्हणजे क्रॉसओव्हर.

आता या वाटणीचा बांध कुठं पडतो ते पाहा. तो बहुधा २००० ते ३००० हर्ट्झच्या आसपास असतो. स, श, च, ट, त यांसारखी व्यंजनं एकमेकांपासून वेगळी ओळखायला लागणारी बरीचशी माहिती याच भागात आणि त्याच्या वर असते. माझ्या स्पीकरात क्रॉसओव्हर म्हणून ट्विटरला एक कंडेन्सर तेवढा लावलेला होता, वूफर मोकाट. त्यामुळे बांधाच्या आसपास दोघेही तोच सूर वाजवत होते आणि काही ठिकाणी एकमेकांचा आवाज मारत होते. शब्द हरवला तो तिथं.

चांगल्या स्पीकरात या जागी तारेची वेटोळी आणि कंडेन्सर यांचं नीट जुळवलेलं मंडल असतं. पण ते बसतं ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधे, म्हणजे प्रवाह मोठा झाल्यानंतर. शिवाय त्याचं गणित स्पीकरच्या विद्युतरोधावर अवलंबून असतं. हा रोध प्रत्येक सुराला वेगळा असतो आणि तापल्यावरही बदलतो. तांब्याची तार १०० अंशांनी तापली तर तिचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. यावरचा उपाय म्हणजे वाटणी आधी करायची आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र ॲम्प्लिफायर द्यायचा. यालाच ॲक्टिव्ह स्पीकर म्हणतात.

संगणकावर गाणं म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० आकडे. फूबार२००० किंवा जे-रिव्हर मीडिया सेंटरसारख्या संगीत वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये या रांगेवर गणित करण्याची सोय असते. डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांच्या चार प्रती करायच्या. दोन वूफरसाठी, दोन ट्विटरसाठी. प्रत्येक प्रत गाळणीतून काढायची आणि साउंड कार्डाच्या चार वेगळ्या वाटांनी चार ॲम्प्लिफायरांना द्यायची.

गाळणी म्हणजे काय? नवा आकडा काढताना आत आलेले आणि बाहेर गेलेले शेवटचे काही आकडे ठरावीक पटींनी गुणून त्यांची बेरीज करायची. साध्या गाळणीला असे पाच गुणाकार लागतात. मी लिंकविट्झ-रायली जातीची गाळणी वापरतो. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ साली मांडलेली आणि त्यांचे सहकारी रस रायली यांचंही नाव लाभलेली. तिच्यात बांधावर दोघांनी निम्मा-निम्मा आवाज द्यायचा, म्हणजे बेरीज पूर्ण होते. आणि बांध ओलांडला की आवाज झपाट्यानं उतरतो. तिला दोन साध्या गाळण्या लागतात. चार वाहिन्यांचा हिशेब सेकंदाला १७,६४,००० गुणाकारांचा होतो. ऐकायला मोठा वाटतो, पण जुन्या संगणकालाही तो जड नाही.

ही बेरीज पूर्ण व्हायची तर दोन्ही आवाज कानाशी एकाच वेळी पोचायला हवेत. ट्विटरचा आवाज वूफरच्या सुमारे २५ मिलिमीटर पुढून निघत असेल, तर २००० हर्ट्झला लहरीचा सातवा हिस्सा पुढे-मागे होतो. पण एका आकड्याच्या वेळात आवाज जेमतेम ८ मिलिमीटर जातो. म्हणजे ट्विटरची रांग तीन आकड्यांनी थांबवली की काम झालं. सुताराला पेटी पुन्हा करायला सांगावं लागत नाही.

हे थांबवण्याचं तत्त्व जुन्नर तालुक्यात फार मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. एकाच ताऱ्याची रेडिओलहर प्रत्येकीवर वेगळ्या क्षणी पोचते. ती योग्य तेवढी थांबवून, बारीक पट्ट्यांत विभागून मग जुळवावी लागते. आधी हे काम खास बनवलेल्या चिपा करत. २०१०च्या सुमारास ते नेहमीच्या संगणकांच्या समूहावर सॉफ्टवेअरनं होऊ लागलं. आमच्या मापाला तेच घडलं आहे: तारेच्या वेटोळ्याची जागा गणितानं घेतली.

मात्र वेटोळं चुकून बाजूला होत नाही, प्रोग्राम होतो. माझी गाळणी फक्त प्लेअरच्या आत होती. एका संध्याकाळी गाणं चालू असताना संगणकावर दुसऱ्याच प्रोग्रामचा सूचनेचा आवाज पूर्ण जोरात वाजला. तो गाळणीला बगल देऊन थेट ट्विटरवर गेला. ट्विटर जळाला. तेव्हापासून तीन नियम पाळतो. प्लेअरनं साउंड कार्ड पूर्ण ताब्यात घ्यावं, म्हणजे इतर आवाजांना वाटच राहत नाही. ट्विटरच्या वाटेवर २० एमएफडीचा कंडेन्सर ठेवावा. ८ ओहमच्या ट्विटरसाठी तो सुमारे १००० हर्ट्झखालचा मारा बराच अडवतो. आणि आधी संगणक, शेवटी ॲम्प्लिफायर सुरू करावा. बंद करताना उलट. आमच्याकडे वीज कधीही जाते आणि येते, म्हणून ॲम्प्लिफायरचं बटण वीज जाताच बंद करतो. आणखी एक पथ्य: चारही वाटा एकाच कार्डाच्या असाव्यात. दोन कार्डांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. गाणं लांबलं की तीन आकड्यांचा हिशेब बिघडतो.

जुळणी तपासायला मोजमापाचा मायक्रोफोन हवा, कान फसतो. या गाळणीची एक सोपी परीक्षा आहे. ट्विटरच्या दोन तारा मुद्दाम उलट जोडायच्या. वेळ बरोबर जुळली असेल तर बांधावर दोघांचा आवाज एकमेकांना खातो आणि आलेखात खोल खड्डा दिसतो. खड्डा जितका खोल, तितकी जुळणी चांगली. मग तारा सुलट करायच्या.

दोन महिन्यांनी जुळणी मनासारखी झाली. मामींना बोलावून तीच कॅसेट लावली. मी वही पुढे केली. त्यांनी कडवं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. शब्द त्यांना पाठच होता आणि तो मी लिहिलेला नव्हता. स्पीकरातून या वेळी त्यांचाच शब्द आला. मी वहीतला खोडला आणि समासात तारीख घातली. त्या जुन्या स्पीकरवर उतरवलेल्या बाकीच्या लावण्या आता पुन्हा पहिल्यापासून ऐकतो आहे.