सरांची सही आणि सरांचं पत्र

‘तूच मजकूर लिहून आण, मी सही करतो.’ परदेशी फेलोशिपसाठी शिफारसपत्र मागायला गेलेल्या विद्यार्थ्याला आपल्याकडे हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. त्यात सरांचा वाईट हेतू नसतो. पेपर तपासायचे असतात, नॅकच्या फायली असतात आणि बोनाफाइडसारखाच हाही एक कागद, अशी समजूत असते. चांगले अर्ज या समजुतीपायी मार खातात.

फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स फेलोशिपला तीन पत्रं लागतात, ब्रिटन सरकारच्या चेवनिंगला दोन. फुलब्राइटच्या ऑनलाइन अर्जात आपण शिक्षकाचं नाव आणि ईमेल भरतो. लिंक त्यांना जाते, पत्र तेच अपलोड करतात. पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असंही अमेरिकेतल्या अर्जांत विचारतात. तिथल्या १९७४च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याचा अधिकार दिला, त्यातून हा प्रश्न आला. हक्क सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्जदाराने न पाहिलेल्या पत्रावर वाचणारा जास्त भरवसा ठेवतो.

आता पत्रात काय असावं? ‘हुशार, कष्टाळू, विनयशील’ हे शब्द कुणालाही लागू पडतात, म्हणून त्यांतून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं वाचा: ‘विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदींत दोन आकडे तिला जुळेनात. मी सोडून दे म्हणालो होतो. ती पुढच्या रविवारी पुन्हा गावात गेली, स्वतः दोर सोडून मोजलं आणि माझीच नोंद चुकली होती हे मला दाखवलं.’ एवढ्या चार ओळींत मुलगी दिसते. हे विद्यार्थिनीला स्वतःबद्दल लिहिता येणार नाही. ते सरांनीच पाहिलेलं असतं.

म्हणून कुलगुरूंच्या किंवा आमदारांच्या लेटरहेडमागे धावू नका. प्रोजेक्टला मार्गदर्शन केलेल्या मॅडम पदाने लहान असल्या तरी त्यांचंच पत्र वजनदार ठरतं. अडचण एवढीच, की या फुलब्राइटला किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तोवर मॅडमच्या हाताखालून कितीतरी तुकड्या गेलेल्या असतात. त्यांना आठवण करून देणं हे आपलं काम. महिना-दीड महिना आधी भेटा. जुना प्रोजेक्ट रिपोर्ट, सीव्ही, अर्जातल्या निबंधाचा कच्चा मसुदा आणि त्यांच्यासोबत केलेल्या कामाचं पानभर टिपण द्या. शेवटची तारीख ठळक लिहा. लिंक स्पॅममध्ये गेली नाही ना, तेही विचारा.

तालुक्याच्या कॉलेजांत आणखी एक अडसर असतो, तो इंग्रजीचा. उत्तम शिकवणारे सर इंग्रजी पत्राला बिचकतात आणि मग ‘तूच लिही’वर येतात. अशा वेळी सरांनी आठवणी सरळ मराठीत लिहून काढाव्यात, इंग्रजीच्या सहकाऱ्याकडून भाषांतर करून घ्यावं आणि वाचून मगच पाठवावं. मजकूर त्यांचाच राहतो. निवड समितीला भाषेचा डौल नको असतो, माणसाची ओळख हवी असते.

शिक्षकांना कळकळीची विनंती: वेळ नसेल तर पहिल्याच भेटीत नाही म्हणा, म्हणजे विद्यार्थ्याला दुसऱ्या कुणाकडे जाता येईल. वेळ असेल तर त्याच्याकडे मजकूर मागू नका, त्याचा जुना रिपोर्ट मागा.