चोवीस तासांच्या आत

सकाळी ६.१०
अंबाजोगाईच्या बसस्थानकातून फोन. वाहतूक नियंत्रक ओळखीचे आहेत, त्यामुळे नमस्कार-चमत्कार नाहीत. "ताई, मुक्कामी गाडीतून दोन लेकरं उतरलीत. संगट कुणी न्हाई. लवकर या."

१०९८ या बालमदत क्रमांकाला त्यांनी आधीच कळवलं होतं. पण जिल्हा बाल संरक्षण कक्ष बीडला आणि बीड इथून शंभर किलोमीटरच्या आसपास. तिथली गाडी यायची तर दोन-अडीच तास सहज जातात. म्हणून अशा वेळी गावातल्या आमच्यासारख्यांना आधी हाक येते. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झालेत आणि ऊसतोडीच्या बहुतेक टोळ्या गेल्यात. मागे राहिलेल्या लेकरांमुळे या दिवसांत फोन उशाशी ठेवूनच झोपावं लागतं.

६.३०
मुलगी नऊ-दहा वर्षांची. कडेवर भाऊ, चारेक वर्षांचा, खरं तर कडेवर घ्यायच्या वयाचा नाही. वाहकानं तिकीट मागितलं नव्हतं, वर बिस्किटाचा पुडा दिला होता. पोरानं तो मुठीत धरलेला, फोडलेला नाही. भुकेलेलं लेकरू बिस्किटाचा पुडा फोडत नाही तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो. भूक मेलेली असणं हे भुकेपेक्षा वाईट लक्षण आहे.

नाव, गाव, बापाचं नाव यातलं काही आधी विचारायचं नाही. खाली बसायचं, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं आणि चहा सांगायचा. अर्धा कप संपल्यावर तीच बोलली.

"मायकडं चाललाव."
"माय कुठंय?"
"कारखान्याला."
"कोणत्या?"

खांदे उडवले. राज्यात दोनशेच्या आसपास कारखान्यांचे बॉयलर दर हंगामात पेटतात, पलीकडे कर्नाटकातले वेगळेच. "ह्याला लई ढाळ लागलेत," ती म्हणाली. "आजी कापूस येचाया जाती. ह्यो रडायचा ऱ्हाईना म्हून आणलाव."

माझ्या पर्समध्ये दंडाचा घेर मोजायची पट्टी कायम असते. हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की तीव्र कुपोषण. सुदानमधल्या निर्वासितांच्या छावणीत असते तीच ही पट्टी, काडीचाही फरक नाही. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, डाव्या दंडाला, न आवळता लावली. अकरा पॉइंट एक. मग दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून पाहिला. खड्डा पडला नाही, म्हणजे सूज नाही. तेवढंच बरं.

७.१५
स्वाराती. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एवढं लांब नाव इथे कुणी घेत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे हे नेते एके काळी याच गावात, योगेश्वरी शाळेत, मुख्याध्यापक होते. त्यांच्या नावाचं हे कॉलेज सत्तरच्या दशकात सुरू झालं आणि आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं. आम्हाला मात्र ते दुसऱ्याच कारणासाठी मोलाचं आहे. मध्यरात्रीही तिथे बालरोगाचा डॉक्टर जागा सापडतो.

वजन नऊ किलो चारशे ग्रॅम. निवासी डॉक्टर पोरसवदा होती, पण हात सराईत होता. आधी रक्तातली साखर पाहिली, मग साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं, मग अंगावर घोंगडी. असं लेकरू गार पडतं आणि साखर उतरते, आणि दोन्ही गुपचूप घडतं. नेहमीची जलसंजीवनीसुद्धा याला जपून, कारण त्यातलं मीठ या थकलेल्या हृदयाला झेपेलच असं नाही. सलाईन तर उगाच लावायचंच नाही.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण बाहेरच्या भल्या माणसांना ती पटत नाही. उपाशी लेकराला पोटभर जेवू घालणं धोक्याचं असतं. बरेच दिवस कोरडं राहिलेलं शरीर एकदम आलेलं अन्न पेलू शकत नाही. रक्तातले क्षार ढासळतात आणि जेवल्यावर मूल दगावू शकतं. म्हणून पहिले काही दिवस दूध, साखर आणि तेल यांचं पातळ, मोजून केलेलं मिश्रण. किलोला अकरा मिली, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. या पोराच्या वाट्याला दर खेपेला जेमतेम शंभर मिली, म्हणजे अर्धा पेला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मायेनं खिचडीचा डबा पुढे केला. नर्सनं तो हातानं अडवला आणि बाई दुखावल्या. त्यांना समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली. ती मी वाया गेली असं धरत नाही.

९.००
पोलीस ठाणे. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि मुलांशी बोलताना त्यानं गणवेश घालायचा नसतो. आज साध्या शर्टातले जमादार स्वतःच वॉर्डात आले, ही मोठीच सोय. डायरीत नोंद झाली. कायदा सांगतो की सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, बालकल्याण समितीपुढे न्यायचं. भाऊ दाखल असल्यामुळे त्याची सूचना कागदावर जाईल. बहिणीला मात्र न्यावं लागणार, आणि समिती बीडला.

१०.३०
गावातलेच एक सद्गृहस्थ फळांची करंडी आणि फोटोग्राफर घेऊन वॉर्डाच्या दारात. बातमी कशी फुटते देव जाणे. करंडी ठेवून घेतली, कॅमेरा बाहेर. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानं अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. ते रागावले. "आम्ही काय वाईट करतोय का?" नाही हो, वाईट नाही. पण उद्या ही पोरगी शाळेत परत जाईल तेव्हा तिचा तो फोटो वर्गातल्या मोबाईलवर तिच्याआधी पोचलेला असेल.

मदत द्यायचीच असेल तर नव्या चड्ड्या द्या, मापाच्या चपला द्या, साबण, खोबरेल तेल, फणी. जुन्या साड्यांची गाठोडी आमच्या खोलीत छताला टेकलीत.

११.४०
आजी आली. कुणाच्या तरी मोटारसायकलवर, पदरात अजून कापसाची बोंडं अडकलेली. रात्री उशिरा कामावरून परतली आणि पडल्या पडल्या झोप लागली. पहाटे पोरं अंथरुणात नव्हती. "पाच इहिरीत वाकून आले बाई," एवढंच म्हणाली आणि वॉर्डाच्या फरशीवर बसली.

तिला दोष देऊन हात झटकणं फार सोपं आहे. दोष मलाही एके काळी चटकन सुचायचा. साठी उलटलेली बाई, दोन नातवंडं, वेचणीची मजुरी, घरात रेशनचं धान्य. पोरगं हगतंय म्हणून तिनं एक दिवस काम सोडलं, दुसऱ्या दिवशी चुलीवर चढवायला काही उरलं नाही. आई-बापांनाही निवड नव्हती. जोडप्याचा एक कोयता धरून मुकादमानं उचल दिलेली, ती उन्हाळ्यातच आजारपणात आणि बियाण्यात गेली. लेकरं बरोबर न्यावीत तर फडात, थंडीत, कोपीत, ट्रॅक्टरच्या चाकांच्या आसपास. मागे ठेवावीत तर हे असं.

१.१५
गाडी बीडच्या दिशेनं. मुलगी, आजी, एक महिला शिपाई आणि मी. भावाजवळ आमची एक कार्यकर्ती बसवली. निघताना पोरीनं तिला विचारलं, "दोन तासाला दूध म्हंजी घड्याळात किती?" तिनं मोबाईलवर गजर लावून दाखवला, तेव्हाच पोरगी उठली.

लोखंडी सावरगाव गेलं, केज गेलं. केजच्या पुढे समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. वर भांडी, सरपण, कोंबड्यांची खुराडी आणि गाठोड्यांवर बसलेली चार-पाच डोकी. उशिरा निघालेली टोळी. पोरगी काचेला नाक लावून एकेक चेहरा पाहत राहिली.

रस्त्यातच दुसरा फोन: तुळशीचं लग्न झालं की उरकायचं ठरलेलं एक लग्न, मुलगी नववीत. गावचे ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात. त्यांना फोन, मुख्याध्यापकांना जन्मतारखेचा उतारा काढून ठेवायला सांगितलं, अंगणवाडीताईंना घरावर नजर ठेवायला. हंगामात अशी लग्नं का ठरतात ते इथल्या कुणालाही विचारा. मागे ठेवलेल्या वयातल्या मुलीची धास्ती, आणि लग्न झालं की एक नवा कोयता. उद्या सकाळी तिकडे जायचं.

मस्साजोग, नेकनूर, मांजरसुंबा. या रस्त्याला डोक्यात नेहमी किल्लारीचा भूकंप येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव हादरलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हा देशभरातून ट्रक आले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी 'आपलं घर' उभं केलं. ती मदत मोठी होती आणि तिचं मोल कमी करायचं कारण नाही. पण भूकंप तारीख सांगून येत नाही. आमचं संकट दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला ठरल्या वेळी येतं, गुढीपाडव्याच्या आसपास ओसरतं आणि तरी दरवर्षी आपण त्याला तातडीची मदत म्हणतो. तारीख ठाऊक असलेल्या गोष्टीची तातडी कसली? ती हलगर्जी आहे.

३.५०
बालकल्याण समिती. सदस्यबाईंनी मुलीला खुर्ची दिली, आजीला पाणी. प्रश्न कमी विचारले. "तुला कुठं राहायचंय?" "भावापाशी." आदेश असा झाला: भाऊ बरा होईपर्यंत मुलगी आजीसोबत दवाखान्यात, आमच्या देखरेखीखाली. आई-बापांशी संपर्क करून अहवाल द्यायचा. नंतर जवळच्या हंगामी वसतिगृहात व्यवस्था शक्य आहे का ते पाहायचं. मुलीला बालगृहात पाठवा म्हणणारा एक आवाज खोलीत होता. कागदोपत्री ते जास्त सुरक्षित दिसलं असतं. पण घरचं माणूस उभं असताना मूल संस्थेत टाकणं हा शेवटचा उपाय, असं कायदाच म्हणतो.

हंगामी वसतिगृहाचं, म्हणजे आई-बाप तोडीला असताना मुलं ठेवायच्या सोयीचं, एवढंच सांगते: जिथे शाळा व्यवस्थापन समिती चांगली तिथे ते उत्तम चालतं, मुलं दोन वेळा जेवतात आणि शाळा सुटत नाही. पण कितीतरी ठिकाणी ते टोळ्या गेल्यावर मंजूर होतं. मूल तोवर ट्रॉलीवर. २०२१ मध्ये शासनानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा योजनेतून ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली. चांगली योजना आहे. तिची खाट मात्र दिवाळीच्या पाडव्याच्या आधी रिकामी मिळायला हवी.

५.३०
परतीच्या वाटेवर मुकादमाचा नंबर लागला. त्याला चौथ्या हातून शोधला: आजीच्या गावचा किराणा दुकानदार, त्याचा साडू, साडूचा ट्रॅक्टरवाला. मुकादम सरळ बोलला, हेही नवलच. त्यानं बापाला फोन दिला.

"म्याडम, उचल घेतलीया. आत्ता आलो तर खाडा लागंल. दोघं आलो तर कोयताच बंद."

"दोघं नका येऊ. आईला पाठवा. आठ-दहा दिवस. लेकराला आईची गरज आहे, हे मी नाही, डॉक्टर सांगतायत."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुकादम परत फोनवर: "बाईला उद्या रातच्या गाडीला बसवतो. खाड्याचं मागनं बघू." हे 'मागनं बघू' वहीत चढतंच, मला ठाऊक आहे. वसुली आली तर काय करायचं याची तयारी आत्तापासून करावी लागेल. मग आई आली फोनवर. पोरगी 'माय' एवढंच म्हणाली आणि बाकी सगळं भावाच्या दुधाचं सांगत बसली: किती पेले, कधी कधी.

८.००
स्वाराती. भावानं दिवसभरात सगळे पेले घेतले, एकदा उलटी. जुलाब कमी. संध्याकाळी त्यानं बिस्किटाचा पुडा स्वतः फोडायचा प्रयत्न केला म्हणे. डॉक्टरनं तो काढून घेतला, पण हसत. भूक परत आली की अर्धी लढाई जिंकली. उरलेली अर्धी दोन-तीन आठवड्यांची.

९.३०
कागद. समितीचा आदेश, ठाण्याची नोंद, दाखल कागद, प्रवासाचा हिशोब. अंबाजोगाईला या कामाची सवय जुनी आहे. द्वारकादास आणि शैला लोहियांनी १९८२ मध्ये इथे मानवलोक उभी केली, त्या पिढीनं दुष्काळात पायवाटा पाडून ठेवल्या. आम्ही त्यावरून चालतो. आमच्याकडे गाडी एकच आणि डिझेलची पावती मंजूर व्हायला लागणारा काळ ऊस वाढायला लागतो तेवढा.

उद्याची यादी: ग्रामसेवकांसोबत नववीतल्या मुलीचं घर, आजीच्या गावच्या शाळेत वसतिगृहाच्या प्रस्तावाची चौकशी, आईला उतरवून घ्यायला माणूस.

वाचणाऱ्यांना दोन विनंत्या. तुमच्या गावातून टोळ्या जात असतील तर शाळेत जाऊन विचारा, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का. हे दसऱ्याला विचारा, दिवाळीनंतर नको. आणि एकटं लेकरू दिसलं तर १०९८ फिरवा. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. खाऊ हातात देऊन निघून जाऊ नका. कुणी येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा.