खाऱ्या पाण्याची फिश टँक लावताय? आधी 'जिवंत दगड' समजून घ्या, नाही तर मासेही जातील अन् गुन्हाही दाखल होईल

पिंपळे सौदागर (प्रतिनिधी) : गोल्डफिशची काचेची पेटी आता सोसायट्यांत काय नि गावात काय, नवी राहिलेली नाही. त्यापुढची हौस म्हणजे समुद्राच्या पाण्याची टाकी. निळा उजेड, रंगीत दगड आणि त्यातून फिरणारा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा 'निमो' मासा. रील बघून मन होतं आणि माणूस पैसे घालतो. पण पहिल्याच आठवड्यात मासे सोडले तर ते बहुतेक वेळा जगत नाहीत. कारण एकच, दगड तयार झालेला नसतो.

दगड जिवंत कसा?

या हौसेत 'लाइव्ह रॉक' हा शब्द सारखा कानावर येतो. दगड स्वतः जिवंत नसतो. तो मेलेल्या प्रवाळाचा, म्हणजे पोवळ्याचा, सच्छिद्र सांगाडा असतो. त्याच्या बारीक छिद्रांत कोट्यवधी जिवाणू राहतात, म्हणून त्याला जिवंत म्हणतात.

शेतकऱ्याला हे पटकन समजेल. आपण रानात युरिया टाकतो. मातीतल्या जिवाणूंमुळे त्याचा आधी अमोनिया, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट होतो, तेव्हा पिकाला तो नीट लागू पडतो. टाकीतही हेच चालतं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विषारी. दगडावरचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, तोही घातक. मग त्याचा नायट्रेट होतो, तो बराच सौम्य. दगडाच्या खोल छिद्रांत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले दुसरे जिवाणू नायट्रेटचा वायू करून तो हवेत सोडतात.

थोडक्यात, दगड ही टाकीची जमीन. जमीन तयार नसताना पेरणी केली तर काय होतं, ते सांगायला नको.

समुद्रातला दगड आणू नका

कोकणात फिरायला गेल्यावर किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणायचा मोह होतो. कोणी 'समुद्रातला ओरिजिनल लाइव्ह रॉक' म्हणून विकायलाही येतं. दोन्हीपासून लांब राहा. 2001 पासून प्रवाळ हे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ज्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत. गुन्हा सिद्ध झाला तर 3 ते 7 वर्षांची कैद आणि वर दंड. 'मला माहीत नव्हतं' हे कोर्टात चालत नाही.

कायदा किती कडक आहे बघा. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात 2020 मध्ये हाजी अली आणि वरळी इथल्या प्रवाळांच्या 18 वसाहती हलवायच्या होत्या. त्यासाठी खुद्द महापालिकेलाही वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली. मालवणचं सागरी अभयारण्य तर 1987 पासून आहे. प्रवाळाच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात, म्हणून प्रवाळ गेला की मच्छीमाराच्या जाळ्यातला मासाही कमी होतो.

मग करायचं काय? सिमेंट किंवा सिरॅमिकपासून बनवलेला कृत्रिम सच्छिद्र दगड मिळतो, तो घ्या. तो कोरडा असतो, पण बाटलीतले जिवाणू सोडून महिना-दीड महिन्यात 'जिवंत' करता येतो. दुकानदाराकडून पक्कं बिल मागा आणि दगड कशाचा आहे ते त्यावर लिहून घ्या.

टाकी, पाणी आणि मीठ

सुरुवातीला फार छोटी टाकी नको. पाणी कमी असलं की बिघाड लवकर होतो. 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण 190 लिटर पाणी बसतं. दगड धरून वजन युरियाच्या पाच-सहा गोण्यांएवढं होतं, म्हणून स्टँड मजबूत आणि सपाट पाहिजे.

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येतं. बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर असतात, गावाकडे विहीर-बोअर आहेच. बोअरच्या पाण्यात नायट्रेट आणि क्षार असू शकतात, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. म्हणून आरओचंच पाणी वापरा. मशीनमधून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, संडासला घ्या.

घरातलं किंवा जाडं मीठ चालत नाही. त्यात समुद्रातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम पुरेसं नसतं. खास मरीन सॉल्ट लिटरला सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे वरच्या टाकीला दगडाची जागा सोडून जवळपास 6 किलो लागतं. ते बादलीत आधी विरघळवून मग टाकीत ओता. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, रीडिंग 1.025 च्या आसपास हवं. द्राक्षाची साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर इथे चालत नाही.

घाई नको, टेस्ट करा

दहा लिटरला एक ते दीड किलो दगड रचा. मधून पाणी खेळेल अशी मोकळी जागा ठेवा. पंप आणि हीटर चालू करा, तापमान 25 ते 26 अंश ठेवा. जिवाणू सोडा आणि चिमूटभर माशाचं खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होईल, तेच जिवाणूंचं खाद्य.

मग टेस्ट किटने दर दोन-तीन दिवसांनी बघा. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागला की दगड तयार. याला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. मध्ये दगडावर तपकिरी थर येतो, त्याला घाबरू नका.

त्यानंतर एक-दोनच मासे सोडा. हॅचरीत वाढवलेला क्लाउनफिश, म्हणजेच निमो, सुरुवातीला बरा. तो समुद्रातून पकडलेला नसतो आणि पेटीतल्या खाद्याला सरावलेला असतो. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे.

रोजची काळजी

उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, मीठ मात्र खाली राहतं. जादा पाणी दिलेल्या रानात चोपण कसं होतं, तसंच. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना खारं नाही, आरओचं गोडं पाणीच टाका. दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदला, तेव्हा मात्र मीठ घातलेलं पाणी लागतं. काढलेलं खारं पाणी कुंडीत, परसात, विहिरीजवळ ओतू नका.

लाइट गेली की पंप बंद पडतो आणि ऑक्सिजन कमी होतो. गावाकडे हाच मोठा धोका. बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकी भरायच्या दिवशीच घेऊन ठेवा.

खर्चात टाकी, मीठ, आरओ, टेस्ट किट आणि दरमहा लाइट बिल सगळं धरा. एवढं झेपत नसेल तर गोड्या पाण्याची टाकी काही वाईट नाही. झेपत असेल तर पहिले दीड महिने नुसता दगड बघत बसायची तयारी ठेवा.