म्हातारपणची झोप आणि शरीरातले घड्याळ

“रात्री आठालाच डोळे मिटायला लागतात, आणि पहाटे तीनला टक्क जाग येते,” ही तक्रार घरोघरच्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकतो. मग कोणी झोपेची गोळी सुचवतो. पण जरा हिशेब करून पाहा. आठ ते तीन म्हणजे सात तास झाले की! झोप उडालेली नाही. ती अलीकडे सरकली आहे.

हे सरकणे होते कसे? आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावर ते रोज लावले जाते. अंधार पडला की त्याच्या हुकमाने मेंदूतली पीनिअल नावाची लहानशी ग्रंथी मेलाटोनिन हे द्रव्य रक्तात सोडते. येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी १९५८ साली ते प्रथम वेगळे काढले. मेलाटोनिन ही गुंगी नव्हे. ‘रात्र झाली’ अशी शरीरभर पिटलेली ती दवंडी आहे. उतारवयात पुष्कळांच्या बाबतीत ही दवंडी क्षीण होते, घड्याळही पुढे धावू लागते. त्यात डोळ्यातले भिंग पिवळसर झालेले, दिवस घरातच गेलेला. मग घड्याळाला उजेड पोचावा कसा?

मेलाटोनिनची गोळी मिळते. युरोपात सावकाश विरघळणारी २ मिलिग्रॅमची गोळी २००७ पासून ५५ वर्षांवरील लोकांसाठी मान्य आहे. तिचा गुण मात्र बेताचाच. २०१७ साली अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने निद्रानाशावर ती सुचवली नाही. शिवाय संध्याकाळी घेतलेली गोळी घड्याळ आणखी पुढे करते. आठालाच पेंगणाऱ्याला तिचा उपयोग काय?

अशा माणसाने उन्हे उतरताना बाहेर फिरून यावे, दिवेलागणीनंतर घरात चांगला उजेड ठेवावा, जेवून लगेच आडवे होऊ नये. उलट ज्याला मध्यरात्रीपर्यंत झोपच लागत नाही, त्याने सकाळचे ऊन अंगावर घ्यावे आणि रात्री दिवे मंद करावेत.

घोरणे, सांधेदुखी, वारंवार लघवीला उठणे यांनीही झोप मोडते; ते डॉक्टरांना सांगावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर मेलाटोनिनही विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि नेहमीच्या झोपेच्या गोळ्यांची धास्ती तर मोठीच. गुंगीत रात्री उठावे, पाय घसरावा आणि खुब्याचे हाड मोडावे, असे होऊ शकते. म्हणून गोळी मागण्यापूर्वी आठवडाभर झोपेच्या आणि जागे होण्याच्या वेळा कागदावर टिपाव्यात. घड्याळ पुढे आहे की मागे, हे कळल्यावाचून काटे फिरवू नयेत.