खिशातला चाकू निवडताना



बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. विळा घेताना अंगठ्याच्या नखावर धार पाहतो. पण खिशात बाळगायचा घडीचा चाकू घेताना मात्र जत्रेत, खेळण्यांच्या पालाशेजारी जो जास्त चकाकताना दिसला तो उचलतो. आठ दिवसांत त्याची मूठ हलू लागते, पंधरा दिवसांत धार जाते, आणि मग तो फडताळात पडून राहतो. पुन्हा आपले काम दातांवर येते.

दातांवर म्हणजे खरोखरच दातांवर. सुतळी दाताने तोडायची, खताच्या पोत्याची शिवण दाताने उसवायची, बियाण्याची पुडी दाताने फाडायची. कपाशीच्या बियाण्याला लाल-गुलाबी रंग असतो तो शोभेसाठी नसतो. बियाण्याला औषध चोळले आहे, ते खाऊ नका, असे सांगणारी ती खूण आहे. आणि आपण तीच पुडी दातात धरतो! कीटकनाशकाची पुडीही अशी दाताने फोडलेली मी बांधावर पाहिली आहे. त्यामुळे शेतकऱ्याच्या खिशात चाकू असावा का, हा प्रश्नच उरत नाही. तो कसा असावा एवढेच पाहायचे.

आधी काम पाहा, मग चाकू. दिवसभरात आपल्याला धार कशासाठी लागते? पेंडीच्या पोत्याची शिवण, कडब्याच्या पेंढीचा आळा, टोमॅटोच्या बांधणीची सुतळी, ठिबकची नळी, एखादी वाळकी काडी, दुपारच्या भाकरीबरोबरचा कांदा. कधीतरी, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, बांधलेले जनावर दाव्यात अडकून पडते आणि गळफास बसतो. ओढून ओढून करकचलेली गाठ हाताने सुटत नाही. घरी जाऊन कोयता आणेपर्यंत शेळी मरून जाते. अशा वेळी कनवटीचा दोन इंची चाकू घरातल्या तलवारीपेक्षा मोलाचा.

या सगळ्या कामांत कुठेही लांब पाते लागत नाही. पाते अडीच ते तीन इंच पुरे. घरगुती माप सांगायचे तर आपल्या हाताची चार बोटे जोडून जेवढी रुंदी भरते तेवढे. त्याहून मोठा चाकू खिशात टोचतो, बंडीचा खिसा फाडतो आणि म्हणून घरी राहतो. जाड फांदीला कोयता आहे, गवताला विळा आहे, तणाला खुरपे आहे. त्यांचे काम खिशातल्या चाकूला सांगू नये.

दुकानात चाकू हातात घेतला की घाई करू नका. दहा वेळा उघडा, दहा वेळा मिटा. उघडलेले पाते दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. जरा जरी लटपटले तरी परत ठेवा, कारण नव्यात हललेला रिबीट वापराने घट्ट होत नाही. मिटलेला चाकू उजेडाकडे धरा. पात्याचे टोक मुठीच्या आत पूर्ण बुडालेले हवे. ते केसभर वर राहिले तर खिशात हात घालताच बोट चिरणार. पात्यावर नखाने उघडायची खाच असते. बोटे किंचित ओली करून ती पकडीत येते का पाहा. चिखलाच्या, शेणाच्या हाताने तो उघडायचा आहे, दुकानातल्या कोरड्या हाताने नव्हे.

मूठ फार गुळगुळीत नसावी. रंगाचे म्हणाल तर लाल किंवा पिवळी घ्या. तपकिरी-हिरव्या मुठीचा चाकू गवतात पडला की गेला. कडब्यात पडला तर तो कडबाकुट्टीतच सापडतो, आणि मग पात्यांचा खर्च आला. मुठीला भोक असेल तर त्यात हातभर दोरी ओवून ती बंडीच्या काजाला बांधावी. जुनी माणसे चंचीला दोरी गुंडाळत, तसेच हे.

आता पोलादाविषयी. दुकानदार चाकूला लोहचुंबक लावून दाखवतो आणि ‘चिकटला, म्हणजे अस्सल पोलाद’ असे सांगतो. यात काही अर्थ नाही. पात्यासाठी वापरतात ते बहुतेक न गंजणारे पोलादही चुंबकाला चिकटतेच. खरा फरक वापरात कळतो. साधे पोलाद दगडावर चटकन धार घेते, पण कैरी, लिंबू, कांदा कापून तसेच मिटून ठेवले की काळे पडते आणि पावसाळ्यात गंजते. न गंजणारे, म्हणजे स्टेनलेस, पोलाद निगा कमी मागते; मात्र धार लावायला थोडा वेळ जास्त घेते, आणि हलक्या प्रतीचे असले तर धार टिकतच नाही. कोकणातल्या किंवा भातपट्ट्यातल्या शेतकऱ्याने स्टेनलेसच घ्यावे असे माझे मत आहे. सोलापूर, मराठवाड्याकडच्या कोरड्या हवेत, रोज पुसायची सवय असेल, तर साधे पोलाद बरे.

आपला लोहार किंवा घिसाडी ट्रकच्या जुन्या पाट्याचा विळा-कोयता असा करून देतो की वर्षानुवर्षे जातो. घडीचा चाकू मात्र बहुतेक दुकानातच घ्यावा लागतो, कारण त्यातली कमान आणि रिबीट ही वेगळी कला आहे. परदेशातही शेतकऱ्याचा चाकू साधाच आहे. फ्रान्समधल्या साव्हॉय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल नावाच्या कारागिराने १८९० साली एक चाकू काढला. लाकडी मूठ, एक पाते, बस्स. तिथले शेतकरी, गुराखी तो खिशात घालू लागले आणि आजही तो जवळजवळ तसाच निघतो. त्यात मोठा बदल झाला तो १९५५ साली. उघडलेले पाते बोटांवर मिटू नये म्हणून मुठीच्या तोंडाशी फिरणारी एक कडी बसवली. त्याची खोडही सांगतो: लाकूड पाण्याने फुगले की पाते आत अडकून बसते. आपल्या जून-जुलैत लाकडी मुठीच्या कोणत्याही चाकूचे हेच होणार.

त्या कडीवरून एक गोष्ट ध्यानात घ्या. साध्या चाकूचे पाते केवळ पाठीच्या कमानीच्या जोरावर उघडे राहते. कापताना ते मिटत नाही, पण टोकाने खुपसायला गेलात की उलटून बोटांवर येते. म्हणून पोत्याला भोक पाडायला दाभण वापरा, डबा उघडायला चाकू वापरू नका. पाते अडकवणारा खटका असलेला चाकू मिळाला तर जास्त चांगले. पण बटण दाबताच सटकन उघडणारा चाकू घेऊ नका. तो खिशातही उघडतो, आणि पोलिसांच्या नजरेतही भरतो. एकाच मुठीत दहा अवजारे असलेला चाकू शेतकऱ्याला बहुधा नको. त्यातले पेचकस दिसले की हात मोटारीच्या स्टार्टरकडे जातो.

स्टार्टरचे निघालेच आहे तर सांगतो. वायरीची साल चाकूने काढायची वेळ आली तर वीज गेली आहे एवढ्यावर भागवू नका. रात्री-बेरात्री वीज येते म्हणून आपण स्टार्टर ‘ऑटो’वर ठेवलेला असतो, आणि वायर हातात असतानाच वीज परत येते. आधी मेन स्विच खाली पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा. खरे तर हे काम वायरमनचे आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. ज्या चाकूने सकाळी कीटकनाशकाची पुडी फोडली, त्याच चाकूने दुपारी कांदा कापला जातो. पाते धोतराला किंवा पँटला पुसले की स्वच्छ झाले असे आपण धरून चालतो. औषधाच्या बाटलीवर, पुडीवर रंगीत त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल. त्या औषधाचा अंश पात्यावरच नव्हे, तर पाते जिथे मिटते त्या खाचेत जाऊन बसतो. ती खाच धोतराच्या सोग्याने पुसली जात नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तिथे कारणे फवारणीची होती, चाकूची नव्हती. पण विष अंगात शिरायला वाट लहान पुरते हे लक्षात ठेवावे.

उपाय अगदी स्वस्त आहे. फवारणीच्या सामानात एक जुनी कात्री सुतळीने पंपालाच बांधून टाका. पुड्या तिनेच फोडायच्या आणि ती घरात आणायची नाही. घरधनिणीने यावर लक्ष ठेवावे, कारण जुनी कात्री हळूच स्वयंपाकघरात परतते असा अनुभव आहे. खिशातला चाकू मग दोरी, पोते, फळ यांच्यासाठी मोकळा राहील.

बागाईतदारांना आणखी एक सांगणे. डाळिंबाचा तेल्या रोग जिवाणूंमुळे होतो आणि छाटणीच्या अवजारांवरून एका झाडाचा दुसऱ्याला लागतो. अशा बागेत खिशातला चाकू काढून ‘एवढी एक काडी’ म्हणत कापत फिरू नका. छाटणीला दोन कात्र्या ठेवा. एक हातात, दुसरी एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात. झाड बदलले की कात्री बदला. हे द्रावण पोलाद खाते, म्हणून संध्याकाळी अवजार साध्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात द्यावा. संत्र्या-मोसंबीच्या डिंक्याची साल खरवडायलाही वेगळी सुरी ठेवावी. कलमाचा चाकू तर निराळाच. त्याची धार एका बाजूने घासलेली असते, कारण काप सपाट यावा लागतो. त्या चाकूने कुणी सुतळी कापली तर कलमे करणारा माणूस जेवायचा उठेल.

चाकू खिशात असला की माणसाला धीर येतो, आणि नको तिथे तो चालवावासा वाटतो. साप चावला की जखमेवर चिरा देऊन रक्त काढायची रीत अजून गावोगाव आहे. ती साफ चुकीची आहे. चिरा दिल्याने विष निघत नाही. उलट काही सापांच्या विषाने रक्त गोठेनासे होते, तेव्हा त्या चिरेतून रक्त थांबतच नाही. चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्या. विषावरचे इंजेक्शन हाच इलाज. तीच गोष्ट पोटफुगीची. जनावराच्या डाव्या कुशीत पशुवैद्यक नळीची सुई घालून वायू काढतात ते पाहून काहींनी चाकू खुपसला आहे. कुठे, किती आणि कशाने भोक पाडायचे हे त्यांनाच करू द्या.

धार बोथट चाकूच जास्त बोटे कापतो, कारण त्यावर जोर द्यावा लागतो आणि जोरात तो सटकतो. महिन्यातून एकदा कुरुंदाच्या दगडावर पाणी टाकून पाते घासावे. पात्याची पाठ दगडापासून दोन-तीन नाण्यांच्या थप्पीएवढी उचललेली ठेवायची, आणि दोन्ही बाजू सारख्याच वेळा. पिकलेला टोमॅटो न दाबता चिरला की धार झाली. सायकलवर चक्र फिरवणाऱ्याकडे दिलात तर ठिणग्यांचा पाऊस पाडू देऊ नका. पात्याची कड तापून निळसर झाली की पोलादाचे पाणी उतरले, मग ती धार टिकत नाही. सांध्यात थेंबभर खोबरेल सोडावे. थंडीत ते गोठते एवढेच, पण खाण्याच्या वस्तूला लागले तरी चिंता नाही. जवसाचे तेल घालू नका, ते वाळून चिकट होते.

बोट कापलेच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, हळद-माती-तंबाखू भरू नका. धनुर्वात गंजाने होतो अशी समजूत आहे. त्याचे जंतू असतात मातीत आणि शेणात. चकाकत्या नव्या चाकूनेही शेतात जखम झाली तर धोका तोच. शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवत नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन या.

कायद्याचेही दोन शब्द. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात, आणि घरकामाची, शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. तीन इंची चाकूला भिण्याचे कारण नाही. तरी निवडणूक, मोठा सण, तंटा अशा वेळी १९५१च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली चाकू-काठी बाळगण्यावर बंदीचा हुकूम निघतो. त्या दिवसांत तालुक्याला जाताना चाकू घरी ठेवावा. कोर्टात, कचेरीत जातानाही तसेच. आणि आता लेकाकडे विमानाने जाणारी मंडळी गावोगाव आहेत, त्यांनी निघण्याच्या आदल्या रात्री बंडीचे खिसे तपासावेत. चाकू तपासणीच्या खिडकीशी सापडला तर तो तिथेच ठेवून पुढे जावे लागते. न्यायचाच असेल तर विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत, फडक्यात गुंडाळून टाकावा.