माळ्यावरचा स्टो

भाच्याने पुण्याहून फोटो पाठवला: काळी हॅट, तिच्यावर घड्याळाची पितळी चाकं चिकटवलेली. याला म्हणे स्टीमपंक म्हणतात: वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या कल्पित यंत्रांची शैली. के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकी कादंबरीकाराने 1987 साली थट्टेत काढलेला शब्द. आता हौशी कारागिरांचा जगभरचा छंद झालाय. भा. रा. भागवतांच्या अनुवादांतून ज्यूल व्हर्न वाचत वाढलेल्या माणसाला तो आवडायला हरकत नव्हती. पण हॅटवरची चाकं काहीच फिरवत नव्हती.

फिरवणारा माणूस धुळ्यातच निघाला. देवपुरातले आबा, आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोडीतल्या पितळेतून वाफेची इंजिनं करतात. आत पाऊल टाकलं की सवागी, स्पिरिट आणि तापल्या पितळेचा वास नाकात बसतो. त्या वासासाठी मी तीनदा गेलो, लेख हे निमित्त.

बॉयलर म्हणजे पंपाच्या स्टोची टाकी. ‘‘19 वेळा गळाली,’’ आबा म्हणाले. कापणं, घासणं, भोकं पाडणं झटपट उरकतं. जीव खातं ते झाळकाम. सांधा झाळला की आधी थंड पाणी भरून पंपाने दाब द्यायचा, आणि चष्मा कपाळावर सरकवून सांध्यापाशी डोळा न्यायचा. घामासारखा एक थेंब डोकावला की पुन्हा पहिल्यापासून. 19 वेळा! मी दुसऱ्या वेळी मोडवाल्याकडे गेलो असतो.

सिलिंडर करंगळीएवढा. तो स्वतःच डुलतो. एका बाजूला झुकला की त्याचं भोक वाफेच्या भोकासमोर येतं, दुसरीकडे झुकला की वाफ बाहेर. वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. 1 लिटर पाण्याची साध्या दाबात जवळजवळ 1,700 लिटर वाफ होते, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हबाबत मात्र आबा थट्टा खपवून घेत नाहीत.

स्पिरिटचा दिवा पेटवला. बराच वेळ काही नाही. मग नळी फुरफुरली.

‘‘उनी, उनी! दखा!’’

आबांनी चाकाला बोटाने टिचकी मारली आणि ते सुटलं. शिवणयंत्राची जुनी चकती, तिच्या आऱ्या दिसेनाशा झाल्या. सत्तरी उलटलेला माणूस गुडघ्यांवर बसून हसत होता.

भाच्याचा फोटो दाखवला. आबांनी तो मोठा करून पाहिला, चाकांचे दाते मोजले. ‘‘चांगलं घड्याळ मोडलं भो त्यानं,’’ एवढंच बोलले.

निघताना त्यांनी विचारलं, घरी माळ्यावर जुना पितळी स्टो आहे का?

आहे. आईचा. मी नाही म्हणालो.